घंटा न ऐकणारी पोरं

मला घंटा ऐकू न येणारी पोरं हवी होती. हे मी मोठ्या बाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि हिचं सगळं ठीक आहे ना, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी शाळेची ग्रंथपाल. शाळेत मला कुणी फारसं घाबरत नाही, कारण मार्क देणं माझ्या हातात नाही. आंतरशालेय वाचनस्पर्धेचं पत्रक आलं आणि बाईंनी लगेच प्रत्येक वर्गातल्या पहिल्या नंबराला बोलावून घ्यायचा हुकूम सोडला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, नंबरवाली पोरं पुस्तक परत करतात ना, तेव्हा त्याची नवी पानं तशीच्या तशी एकमेकांना चिकटलेली असतात. ती पोरं पुस्तक नेतात. वाचत नाहीत."

"मग तुमच्याकडे वाचतं तरी कोण?"

"ज्यांना घंटा ऐकू येत नाही, ते."

आमच्या शाळेची घंटा वाचनालयाच्या खिडकीबाहेरच टांगलेली आहे. जाड लोखंडी पट्टी. ती बडवणारे शिपाईमामा घरचा, दारचा, पगाराचा सगळा राग तिच्यावर काढतात. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की माझ्या टेबलावरचा चहा कपात हिंदकळतो आणि वाचनालयातली पोरं पुस्तकं टाकून वर्गाकडे पळत सुटतात. पण दोन-चार जण तसेच बसून राहतात, मान खाली, तोंड अर्धवट उघडं. त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवावं लागतं. मग ती आपल्याकडे अशी बघतात की आपणच चुकीच्या घरात शिरलो की काय, असं वाटावं. अशी चार पोरं मी वर्षभर हेरून ठेवली होती.

एक चष्मिस, ज्याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असे. एक प्रश्नोबा, ज्याला कुठल्याही गोष्टीतल्या माणसाने असं का केलं हे कळल्याशिवाय जेवण जात नसे. एक मौनी, जी वर्गात तोंडातून अक्षर काढत नसे, पण पुस्तक वाचताना एकटीच खो खो हसे. आणि चौथी वाळवी. पुस्तकांच्या कपाटाला लागलेली म्हणून वाळवी. ती माझी भाची, माझ्या दादाची मुलगी.

"भाची म्हणून घेताय?" मोठ्या बाईंनी विचारलंच.

"भाची म्हणून घेणारच नव्हते. पण कुलूप लावलेल्या वाचनालयात अंधार पडेपर्यंत कोण बसलं होतं, ते तुम्हीच आठवा."

बाईंना आठवत होतं. त्या दिवशी सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं. विहीर, गच्ची, मागचं मैदान, सगळं पालथं घातलं आणि शेवटी दादाने वाचनालयाचं कुलूप काढलं, तर ही शेवटच्या कपाटाआड खिडकीपाशी बसलेली. आम्हाला बघून विचारते कशी, "सुट्टी संपली का?" दादा हसला. वहिनीने तिला एक थोबाडीत ठेवून दिली आणि मग तिला घट्ट धरून स्वतःच रडत बसली.

आम्ही सगळे एकाच घरात राहतो. खाली दादाचं फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान, वर त्यांचा संसार, आणि मागच्या बाजूची एक खोली माझी. वहिनी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिथे प्रत्येक नळीला वेळ लावलेली असते. टायमर वाजला की नळी काढायची. जरा उशीर झाला तर कुणाचा तरी आजार चुकीचा लिहिला जाणार. इतकी वर्षं हे काम करून वहिनीचे कान असे तयार झालेत की दूध उतू जाण्याआधी ती दुसऱ्या खोलीतून उठते. अशा बाईच्या पोटी ही पोर!

वहिनीला पुस्तकांचा तिटकारा होता असं नाही. तिला भीती होती. वाळवी एकदा वाचत वाचत रस्ता ओलांडत होती आणि एक मालाचा टेम्पो करकचून ब्रेक लावून तिच्यासमोर हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. पोरीने पान उलटलं आणि पुढे चालू लागली. ते वहिनीने लॅबच्या दारातून बघितलं होतं. त्या दिवसापासून घरात पुस्तक उघडायचं म्हणजे चोरी झाली. अभ्यास झाल्यावर थोडा वेळ, तोही आईने एकदा हाक मारेपर्यंत. आणि ती एक हाक हिला कधीच ऐकू यायची नाही, त्यामुळे रोज रात्री जेवणाआधी रडारड ठरलेली.

म्हणून मला तो संघ हवा होता. बक्षिसाची ढाल आली काय नि गेली काय, मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. माझ्या भाचीला स्वतःच्या घरात उजळ माथ्याने वाचता यावं, एवढंच मला पाहिजे होतं. "स्पर्धा आहे वहिनी, शाळेतर्फे जायचंय, प्रमाणपत्र मिळेल," असं म्हटल्याबरोबर वहिनीने स्वतः जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला आणि त्यावर दिवा आणून ठेवला. प्रमाणपत्र म्हटलं की आपल्याकडे सगळी पापं धुतली जातात.

ते काही महिने मात्र मजेत गेले. शनिवारी शाळा लवकर सुटायची आणि आम्ही पाच जण वाचनालयात बसायचो. मी एक पुस्तक निवडायची, चौघं ते आठवडाभर वाचून यायची आणि मग भांडायची. प्रश्नोबा म्हणायचा, "तो म्हातारा घर सोडून गेलाच का? त्याला सगळे नीट वागवत होते की!" चष्मिस म्हणायचा, "नीट वागवत होते म्हणूनच गेला, मूर्खा." मौनी, जी वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करायची, ती एकदा टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "तुम्ही कुणी ते पत्राचं पान नीट वाचलंच नाही!" मी नुसती ऐकत बसायची. शाळेत मला 'बाई' म्हणायचं असं वाळवीला बजावून ठेवलं होतं, पण भांडण रंगात आलं की ती "आत्या, तू सांग ना यांना" म्हणून मोकळी व्हायची आणि बाकीचेही मला आत्याच म्हणू लागले.

एक दिवस मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "प्रश्नोत्तरांचा सराव कधी घेता?"

"हाच सराव," मी म्हटलं.

बाईंनी नाक मुरडलं आणि त्या निघून गेल्या.

स्पर्धेचे नियम मी पोरांना वाचून दाखवले होते. शेवटच्या फेरीत प्रत्येक मुलाला कधीही न वाचलेली एक गोष्ट छापील पुस्तिकेत मिळणार. ठरावीक वेळ वाचायचं. टायमर वाजला की पुस्तिका मिटायची आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवायचे. संघातल्या एकाची जरी पुस्तिका उघडी राहिली, तरी अख्खा संघ बाद. हे ऐकून चौघांनी एकमेकांकडे बघितलं. ज्या गुणावर मी त्यांना निवडलं होतं, नेमका त्यानेच तिथे घात होणार होता आणि हे त्यांनाही कळत होतं. शेवटी चष्मिसने तोड काढली. "मौनी मला कोपर मारेल, मी प्रश्नोबाला, प्रश्नोबा वाळवीला." मौनीला कोण कोपर मारणार, असं प्रश्नोबाने विचारलं. मौनी म्हणाली की ती तेवढ्यापुरतं नीट वाचणारच नाही. बिचारीने केवढा मोठा त्याग केला होता, हे आमच्याशिवाय कुणाला कळणार?

पहिल्या फेऱ्या आमच्या पोरांनी खेळता खेळता मारल्या. इतर शाळांची पोरं पाठ केलेलं घडाघडा म्हणत होती, आमची विचार करून बोलत होती. शेवटच्या फेरीसाठी सभागृहात नेलं. बाकं एकेकटी, दूर दूर मांडलेली. कोपर पोचायचा प्रश्नच नव्हता.

मागच्या बाजूला पालक आणि शिक्षक बसले होते. वहिनी सुट्टी काढून आली होती, तिच्या शेजारी मोठ्या बाई. पुस्तिका वाटल्या. वाळवीने पहिलं पान उघडलं आणि काही ओळींतच तिची मान तशी झुकली. ती मान मी ओळखते. टायमर वाजला, बारीक, चिरका. पटापट पुस्तिका मिटल्या. मौनीने मिटली. त्या आवाजाने चष्मिस भानावर आला, प्रश्नोबाही. तिघंही वाळवीकडे बघत होते. वाळवीने पान उलटलं.

पर्यवेक्षक तिच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. भले गृहस्थ होते, त्यांनी जरा वाट बघितली. कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग सगळं सभागृह हसायला लागलं. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिने वर बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "एकच पान राहिलंय."

"बाळ, नियम आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पुस्तिका तिच्या हातातून काढून घेतली.

आमचा संघ बाद झाला.

परतीच्या बसमध्ये बाकीची तिघं पुढे जाऊन बसली. वाळवी माझ्या शेजारी होती. आपण हरलो, आपल्यामुळे हरलो, हे अजून तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. ती मला गोष्ट सांगत होती. पूर आलेल्या नदीत एक नावाडी अडकलाय, त्याची नाव दोराने एका झाडाला बांधलीय, दोर हळूहळू झिजतोय आणि काठावरून त्याची मुलगी सगळं बघतेय. "आत्या, तो दोर तुटला का गं? मला ते पुस्तक आणून दे. नक्की हं!" मी म्हटलं, नक्की. पुढच्या सीटवरून चष्मिस मागे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "तुला साधी घंटा ऐकू येत नाही?" तो म्हणाला. तेव्हा कुठे पोरीचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिचं नाव बदललं. वाळवीची बहिरी झाली. चष्मिसच्या आईने मोठ्या बाईंना येऊन सुनावलं, प्रश्नोबाच्या बापाने त्याचं नाव संघातून काढून क्रिकेटला घातलं. मौनी पुन्हा गप्प झाली. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी संघ त्या स्वतः घडवणार होत्या. मी वाचनालय उघडायचं आणि बंद करायचं. "वाळवीला मात्र ठेवणार," त्या म्हणाल्या. "वाचायचा वेग आहे तिला. फक्त शिस्त हवी." जणू पोर म्हणजे सवय न लागलेलं वासरू!

घरी वहिनी लॅबमधला जुना टायमर घेऊन आली.

रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या त्याच कोपऱ्यात, त्याच दिव्याखाली सराव सुरू झाला. वाळवी वाचायला बसायची, वहिनी टायमर लावून स्वयंपाक करायची. टायमर वाजला की पुस्तक मिटायचं आणि दोन्ही हात त्यावर. ऐकू आलं नाही तर पुस्तक बदलायचं, नवीन गोष्ट, पुन्हा टायमर. कुठलीच गोष्ट पुरी होऊ द्यायची नाही, म्हणजे गुंतायची सवयच मोडेल, ही वहिनीची युक्ती. सुरुवातीला पोर हमसून हमसून रडायची. दादा खाली दुकानात एकच स्क्रू परत परत पिळत बसायचा. एकदा त्याने गुपचूप टायमरमधला सेल काढून ठेवला. वहिनीने ताकास तूर लागू न देता दुसरा सेल घातला आणि त्या दिवशी दादाच्या ताटात भाजी जरा कमीच पडली.

मला राहवेना. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, अहो, काय चालवलंय हे? तुम्ही तिचं वाचन मारताय."

वहिनी कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही. "ताई, तुम्ही तिला त्या सभागृहात बघितलंत. सगळे हसत होते आणि तिला पत्ता नव्हता. मी तिला रस्त्यात बघितलंय. तो ड्रायव्हर जरा दुसरीकडे बघत असता, तर? तुम्हाला पोरगी पुस्तकात हवी. मला ती रस्त्याच्या अलीकडे हवी, जिवंत."

मी खोलीत निघून आले आणि दार जरा जोरातच लावलं. तिचं चुकत होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

हळूहळू रडणं थांबलं. हळूहळू पोर टायमर वाजण्याआधीच मान वर करू लागली, कधी वाजतो याची वाट बघत. वहिनी तिची पाठ थोपटायची. पोरीलाही ते आवडू लागलं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. सगळ्यांसमोर हसं झालेलं पोर आता कुणी शाबासकी दिली की फुलायचं. मी तिच्यावर कशी रागावू?

पुढच्या वर्षी संघ जिंकला. मोठ्या बाईंनी पहिले नंबरवाले तीन घेतले, चौथी वाळवी. शेवटच्या फेरीत सबंध सभागृहात सगळ्यात आधी हिची पुस्तिका मिटली. ते भले पर्यवेक्षक मला ओळखून म्हणाले, "चांगली सुधारली की हो तुमची मुलगी." मी त्यांना नावाड्याच्या त्या गोष्टीचं पुस्तक कुठलं, ते विचारून घेतलं. ते छापायचं कधीच बंद झालं होतं.

ढाल वाचनालयात ठेवायची ठरली. भलतीच उंच होती, कपाटात मावेना. मग मोठ्या बाईंनी मधली फळी काढायला लावली. त्या फळीवरची पुस्तकं खोक्यात भरून शिपाईमामांनी माळ्यावर टाकली. ढालीचा सत्कार झाला, मोठ्या बाईंनी वाचनाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी पहिल्या रांगेत होती. पोर आता एका हाकेत येते, असं वहिनी सगळ्यांना सांगते. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते. वहिनीला झोप लागते. हे सगळं खरं आहे.

नावाड्याचं पुस्तक मिळवायला मला बरीच खटपट करावी लागली. शेवटी दुसऱ्या गावातल्या एका रद्दीवाल्याकडे मिळालं, अगदी पातळसं, पाठीमागचं कव्हर फाटलेलं, पण पानं सगळी शाबूत. घरी येता येता बसमध्येच मी शेवटचं पान वाचून काढलं. दोराचं काय झालं ते मला कळलं आणि मी एकटीच खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वाळवीला बोलावलं. आजकाल ती स्वतःहून फारशी येत नाही. मी तिच्यासमोर पुस्तक ठेवलं. "ओळख."

तिने उलटून बघितलं. "नावाड्याची गोष्ट आहे ना गं ही?"

"हो. तू बसमध्ये 'नक्की हं' म्हणाली होतीस, म्हणून आणली. पहिल्यापासून वाच. आज कुणी काढून घेणार नाही."

ती जुन्या जागी, शेवटच्या कपाटाआड, खिडकीपाशी जाऊन बसली. मी माझ्या टेबलावर काम करायचं नाटक करत होते, पण सगळं लक्ष तिच्याकडे. ती वाचत गेली. मान झुकली. थोडी झुकली, हं, पण झुकली. ओठ किंचित उघडले. इतक्या दिवसांत मी तिला अशी बघितली नव्हती. पूर आला असणार, दोर झिजायला लागला असणार. तिने शेवटून दुसरं पान उलटलं. आता एकच पान राहिलं होतं.

बाहेर शिपाईमामांनी घंटेवर पहिला घाव घातला. माझ्या कपातला चहा हलला.

वाळवीने पुस्तक मिटलं. दोन्ही हात त्यावर ठेवले, बोटं सरळ, जुळवलेली. आणि माझ्याकडे बघून हसली.

"वेळेत मिटलं ना, आत्या?"

"हो," मी म्हटलं. "अगदी वेळेत."

ती खूश झाली. पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं, दप्तर उचललं आणि दारात उभी राहून व्हरांड्यात दोन्ही बाजूंना नीट बघून वर्गाकडे पळाली. दोर तुटला का, हे तिने विचारलं नाही.